बेटावरून आलेलं अर्धं वाक्य

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा आवाज मला नीट आठवत नाही. खडू मोडला की तुम्ही "च्च" करायचात, तेवढं आठवतं. हे पत्र पोचणार नाही हे मला ठाऊक आहे, पोराला वेड लागलं असं समजू नका. पण जे सांगायचंय ते जिवंत माणसांपैकी कुणालाच सांगता येत नाही, आणि तुम्ही निदान मधे बोलणार नाही. मी सिंगापूरला असतो. वुडलँड्सच्या एका फ्लॅटमधली एक खोली आम्ही तिघांनी घेतलीय, आणि मी सेम्बावांगला जहाजं दुरुस्त करतात तिथे कामाला जातो. इंजिनियर म्हणून नाही. डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडला. वर्कशॉपच्या सरांनी सगळ्यांदेखत माझ्या बापाच्या मासळीच्या टोपलीवरून काहीतरी वाकडं म्हटलं, मी हातातली कानस टेबलावर आपटली आणि बाहेर पडलो, तो परत गेलोच नाही. मामाने इथे चिकटवून दिलं. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते मला पाठ आहे. "मेल्या, तुझं डोकं म्हणजे चूल आहे. येणारा-जाणारा फुंकर मारतो आणि तू पेटतोस. भात मात्र कुणाचाच शिजत नाही."

हे तुम्ही पहिल्यांदा म्हणालात तो दिवस मला लख्ख दिसतो. खाडीकडच्या पायरीवर मी एकाशी मारामारी केली होती, ओठ फाटला होता, आणि तुम्ही मला मुख्याध्यापकांकडे न नेता तुमच्या घरी नेलंत. तुमचं स्वयंपाकघर म्हणजे एक खिडकी, एक ओटा आणि खिडकीत वाळत घातलेली कोकमाची सालं. ओठावर हळद दाबलीत. मी रडत नाही हे दाखवायला छताकडे बघत बसलोय, आणि तुम्ही समोर पेजेची वाटी ठेवता, वाफाळलेली. "गरम आहे," मी म्हणतो. "मग फुंकर मार. तेवढी तर येते ना तुला?" फाटक्या ओठाने फुंकर मारायची म्हणजे काय यातना असतात! तुम्ही पाठ फिरवून हसत होतात, मला पाठीवरूनही कळलं. त्यानंतर काही दिवस मी कुणाशी भांडलो नाही. मग तुम्ही कावीळ अंगावर काढलीत, आणि आम्ही दहावीला गेलो तेव्हा वर्गावर दुसरे सर आले.

आता तिच्याबद्दल. तिचे वडील नागपूरकडचे, बौद्ध कुटुंब, समुद्राचं पाणी गोड करायच्या संशोधनात ते नोकरीला आहेत. ती लहानपणीच इथे आली, इंग्रजी शाळेत शिकली, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे घरात आईशी बोलते तेवढंच, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला इथल्या लोकांसारखा 'ला'. इथल्या मराठी लोकांच्या एका कार्यक्रमात मी जेवणाच्या रांगेत एका काकांशी हुज्जत घालत होतो, ते मधे घुसले होते. मागून आवाज आला, "अरे जाऊ दे ला. श्रीखंड पळून नाही जाणार." मी चिडून वळलो आणि तिथेच माझा निकाल लागला. पुढे वर्षभर आम्ही कधी सेरंगूनच्या मॉलमध्ये, कधी खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये भेटायचो. ती माझ्या रागाची नक्कल करायची, नाकपुड्या फुगवून. मी तिला तुमचं चुलीचं वाक्य सांगितलं होतं, तर म्हणाली, "युवर टीचर सो क्लेव्हर. मग भात कधी शिजणार?" मी म्हटलं, तू हो म्हणालीस की. ती हसली आणि दुसऱ्या विषयावर गेली. आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच ओळखायचं. नाही ओळखलं.

मग तिने ते बेटाचं काढलं. इथून खूप पूर्वेला, मोठ्या समुद्रात, एक लहानसं बेट आहे. एक गाव, एक शाळा, एक धक्का. विहिरींना खारट पाणी, म्हणून पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या बांधायला काही तरुण पोरंपोरी जाणार होती, त्यांत ही. मी भांडलो, अर्थातच. "इथे कमी कामं आहेत का?" "इथे नळ आहे ला," ती म्हणाली. निघायच्या आधी मी तिला सरळ विचारलं. तिने सरळ उत्तर दिलं नाही. "तिकडून सांगते," म्हणाली. तिकडून! जसं काही तिकडच्या हवेत उत्तर पिकणार होतं.

बेटावर एकच फोन होता, उपग्रहावरून चालणारा, गावच्या ऑफिसात. रविवारी दुपारी ती आधी घरी करायची आणि मग मला. बोललेलं पोचायला मधे जरासा वेळ जायचा, त्यामुळे आम्ही दोघं एकदम बोलायचो आणि मग दोघंही एकदम गप्प. सुरुवातीला टाक्यांच्या गमती, पोरांच्या गमती. मग एका रविवारी म्हणाली, समुद्राचा रंग बदललाय, मेंदी भिजवल्यासारखा झालाय, आणि फटाके फोडल्यावर येतो तसा वास येतोय. पुढच्या वेळी म्हणाली, किनाऱ्यावर मासे मरून पडतात आणि रात्री जमिनीखालून कुणीतरी मुसळाने कांडतंय असं वाटतं. गावातले म्हातारे म्हणत होते की त्यांच्या लहानपणीही बेटाजवळचा, समुद्राखालचा ज्वालामुखीचा डोंगर असाच कुरकुरला होता आणि मग झोपला होता. मी ओरडलो, "तू आत्ताच्या आत्ता निघ तिथून!" ती म्हणाली, "बोट मंगळवारी येतेय, सगळ्यांना नेणार आहेत. आता पोहत येऊ का?"

तो शेवटचा रविवार. ती फोनवर हसतच आली. "ऐक ना, दगड तरंगताहेत! नो, सिरियसली! सगळा किनारा भरलाय, पाणी दिसत नाही. पोरं त्यावर काठ्या आपटतायत." मी म्हटलं, "वज्री असेल ती." "व्हॉट वज्री?" "टाचा घासायचा दगड गं. न्हाणीत असतो." मधला तो वेळ गेला आणि मग पलीकडून तिचं हसणं आलं. "मग तुमच्या अख्ख्या कोकणाच्या टाचांना पुरेल, सांग सगळ्यांना!" ती खूश होती म्हणून मला धीर आला, आणि मी म्हटलं, "तू मला काहीतरी सांगणार होतीस."

वेळ गेला. मग ती म्हणाली, "तू मला आवडतोस." बाई, मी ओरडलो. खोलीत झोपलेला माझा एक सोबती दचकून उठला इतका. "मला माहीत होतं! मला माहीतच होतं!" आणि मी ओरडत असतानाच तिचे पुढचे शब्द समुद्रावरून येत होते, ते माझ्या ओरडण्यातून आरपार आले. "...असं मलाही वाटलं होतं. पण नाही रे." तिच्या मागे कुणीतरी चेंडू खेळत होतं. "हॅलो? ऐकलंस ना? चिडू नको ला." मी म्हटलं, ऐकलं. नीट ये म्हटलं. आणि मीच ठेवला.

त्या वेळी तुम्ही आठवलात. सातवीतली गोष्ट असेल. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, 'उद्या शाळेला सुट्टी आहे असं मुख्याध्यापकांनी सांगितलेलं', आणि पुढचा शब्द तळहाताने झाकून धरलात. वर्गात केवढा जल्लोष! मी तर दप्तर खांद्याला लावलं. मग तुम्ही हात काढलात आणि खाली 'नाही' होतं. "मराठी माणूस शेवटच्या शब्दाला होचा नाही होतो. तोवर दम धरायला शिका. विशेषतः हा दप्तरवाला." सगळे माझ्याकडे बघून हसले होते, मीसुद्धा हसलो होतो. तिची भाषा निम्मी इंग्रजी, पण एवढं एक वाक्य तिने अस्सल मराठी वळणाचं केलं, आणि मी पुन्हा दप्तर खांद्याला लावून उभा.

मंगळवारी समुद्र फुटला. इथल्या पेपरात आतल्या पानावर एवढीशी बातमी होती, राखेचा खांब उठलेला फोटो आणि खाली दोन ओळी. बोट आली होती, पण ते दगड इंजिनात जातील म्हणून ती किनाऱ्यापर्यंत येईना. माणसांना लहान होड्यांतून तिच्यापर्यंत न्यायचं चाललं होतं. बहुतेक होड्या पोचल्या. शेवटच्या होडीत शाळेतली काही मुलं, होडीवाला आणि ही होती. पुढच्या होडीतल्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा राखेने भर दुपारी अंधार झाला होता. एवढंच. एवढंच सगळं. मी चौकशीच्या नंबरावर फोन करत होतो, तो लागायचा नाही, लागला की पलीकडची मुलगी विचारायची, "युवर रिलेशनशिप टू हर, सर?" मी म्हणायचो, फ्रेंड. "वी कॅन ओन्ली इन्फॉर्म फॅमिली, सर." एकदा मी रिसीव्हर असा आदळला की त्याचा तुकडा उडाला. सर म्हणत होती, आणि सांगत काही नव्हती.

विमानं फिरली, जहाजं फिरली. मैलोन्‌मैल राखाडी दगड तरंगताना दिसले, होडी दिसली नाही. मग शोध थांबवला. त्यानंतर काही आठवड्यांनी आमच्या यार्डात एक मालवाहू जहाज लागलं, त्याच बाजूने आलेलं. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात ना, त्या वाटेवर मोठी जाळी असते. कॅप्टन म्हणत होता की वाटेत इंजिन तापून तापून बंद पडत होतं. आम्ही झाकण उघडलं. जाळी काठोकाठ भरलेली, राखाडी, हलक्या दगडांनी. हातात घ्यावा तर वजनच नाही. आमचा तमिळ फिटर दोन दगड खिशात टाकत म्हणाला, "बीवी के लिए. पैर घिसने को." मी त्याचा हात पिरगाळला. बाई, खरंच पिरगाळला. तो बिचारा ओरडला, "अरे तंबी, पत्थर के लिए मारता है?" आमचे चिनी अंकल धावत आले, "बॉय आ, व्हाय सो अँग्री? स्टोन ओन्ली!" मी दगड त्याच्या खिशात परत घातले आणि माफी मागितली. मला त्याचा राग आलाच नव्हता. एवढ्या मोठ्या जहाजाचा श्वास ज्याने कोंडला, त्यात त्या होडीच्या खेळण्याएवढ्या इंजिनाचं काय झालं असेल, हे मला जाळी उघडली तेव्हाच कळलं होतं. तिथून पुढे मी वाट बघितली नाही.

त्या संध्याकाळी मी सेरंगूनला तिच्या घरी गेलो. पूर्वी एकदा मॉलमधून तिच्या पिशव्या पोचवायला खालपर्यंत गेलो होतो, वर कधी नाही. दार तिच्या आईने उघडलं. आत नागपूरहून आलेली तिची आत्या बसली होती, वडील खिडकीपाशी. मी तिचा मित्र म्हणून ओळख सांगितली. आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "त्या दिवशी आमच्याशी बोलून झाल्यावर म्हणाली, आई आता ठेवते, मला एकाला फोन करायचाय. तो एक तूच का?" मी मान हलवली. तिने मला बसवलं, पाणी दिलं, आणि माझं पाणी पिऊन होईपर्यंतसुद्धा तिला थांबवेना. "काय म्हणाली?"

मी म्हणालो, "म्हणाली, तू मला आवडतोस."

"आणि मग?"

"मग फोन तुटला."

आईने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. असा चेहरा माझा कुणी धरलेला नाही, तुम्ही हळद लावलीत तेव्हाही नाही. ती म्हणत होती, "बरं झालं रे, बरं झालं, तेवढं तरी बोलली." वडील खिडकीतून समोरच्या ब्लॉककडे बघत होते. ते वळले नाहीत, पण त्यांचे खांदे हलत होते.

त्यांनी जलदान विधी करायचं ठरवलं तेव्हा माझी चूल पेटलीच. "अजून काही सापडलेलं नाही! पाण्यात गेलेल्याला तुम्ही पाणी देणार?" असं मी त्यांच्या घरात उभं राहून म्हणालो. आत्या उठली. "हा कोण लागतो रे आपला, एवढं बोलायला?" वडिलांनी तिला हाताने थांबवलं. मला म्हणाले, "बेटा, माझं आयुष्य समुद्राच्या पाण्यात गेलंय. ते काय परत देतं आणि काय नाही, हे मला कळतं. तुलाही कळतं, तू जहाजांवर काम करतोस." मग म्हणाले, "शनिवारी ये. लवकर ये. खुर्च्या लावायला माणूस हवाय." माझ्यासारख्या माणसाला थंड कसं करायचं हे तुमच्यानंतर त्यांनाच जमलं.

मी गेलो. खुर्च्या लावल्या. बुद्धाच्या मूर्तीशेजारी तिचा फोटो, मेणबत्त्या, त्रिशरण आणि पंचशील. मला शब्द येत नव्हते, मी ओठ हलवत होतो. पाणी सोडायची वेळ आली तेव्हा आईवडिलांनी मिळून तांब्या धरला, आणि आई गर्दीत मला शोधत म्हणाली, "तो कुठंय? त्याला पुढे बोलवा." माणसं बाजूला झाली. आत्या त्या दिवशीचंच पुटपुटली, तर आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जावई झाला असता माझा." बाई, तेवढ्या वेळात मी तोंड उघडू शकलो असतो. दोन शब्द होते, 'पण नाही', तिनेच दिलेले. मी पुढे झालो आणि तांब्याला हात लावला. ताटात पाणी पडताना इतका बारीक आवाज होत होता की कुणाच्याही श्वासाने तो बुडाला असता, आणि कुणी श्वास घेत नव्हतं.

तेव्हापासून मी रविवारी तिच्या घरी जेवायला जातो. आई कोथिंबिरीची सांबारवडी करते, मला तिखट झेपत नाही म्हणून वेगळं काढून ठेवते. वडील मला डिप्लोमा पुरा कर म्हणून मागे लागलेत, इथे संध्याकाळचे वर्ग असतात, त्यांनी सगळी माहिती आणलीय. मी तिच्या खुर्चीवर बसतो. मी मागितली नव्हती, त्यांनीच ओढून दिली. तिच्या लहानपणच्या गोष्टी ऐकतो. आई दर रविवारी, जेवणं होत आली की, अगदी हळू, घास मागावा तसं विचारते, "पुन्हा सांग ना, काय म्हणाली?" मी सांगतो. तेवढंच सांगतो. हल्ली कामावर असताना ते वाक्य मनात येतं ना, तेव्हा मलाही ते तेवढंच ऐकू येतं, आणि पुढचं आणायला मला जोर लावावा लागतो. राग तर येतच नाही आता. अंकल म्हणतात, बॉय सुधारला. मला वाटतं, विझला.

पत्र इथेच संपवलं असतं, पण ज्यासाठी लिहायला बसलो ते अजून राहिलंय. मागच्या रविवारी आम्ही जेवत होतो आणि त्यांच्या घरचा फोन वाजला, तिच्याच वेळेला. कुणी कुणाकडे बघितलं नाही. पण आईच्या हातातला डाव आमटीत पडला आणि ती धावली, तिची खुर्ची उलटली, वडील अर्धवट उठून तसेच टेबलाला धरून राहिले. वेडीच आशा, पण ती त्या दोघांच्याही अंगात एकदम शिरली, मी बघितलं. आणि बाई, माझ्या मनात त्या एका क्षणात पहिल्यांदा जे आलं ते असं: ती नसू दे.

बँकेचा माणूस होता. कार्ड हवंय का, विचारत होता. आई परत येऊन बसली, तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला, आणि मी तो जेवलो.